हिवतापाने घडविलेले रक्त

उत्क्रांती ही लक्षावधी वर्षांपूर्वीच घडून संपलेली गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो बरोबर नाही. गेल्या काही हजार वर्षांतही ती मानवी रक्तात घडत आली आहे. तिची एक ठळक खूण आफ्रिकेप्रमाणेच नंदुरबार व गडचिरोलीच्या आदिवासी भागांतही सापडते. ही खूण म्हणजे सिकलसेल होय.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. जनुकातील एका अक्षराएवढ्या बदलामुळे सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिले. या बदलामुळे प्राणवायू कमी होताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

मग असा घातक बदल नाहीसा का झाला नाही? अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून १९५४ साली याचा उलगडा केला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेली व्यक्ती, म्हणजे वाहक, बहुधा निरोगी असते. शिवाय फाल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून तिला बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात वाहक बालके अधिक प्रमाणात जगली आणि हे जनुक टिकून राहिले. त्याची किंमत मात्र दोन्हीकडून जनुक मिळालेल्या बालकांनी मोजली. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

हिवताप आटोक्यात येतो तसा या जनुकाचा लाभ ओसरतो, पण त्याची किंमत कायम राहते. म्हणूनच रक्ततपासणीला महत्त्व आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते केवळ दवाखान्यांच्या बळावर साध्य होणार नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे शिक्षकांनी वर्गात समजावून द्यावे. विवाहापूर्वी तपासणी व समुपदेशन व्हावे, मात्र तपासणीचा निष्कर्ष चावडीवरील चर्चेचा विषय होऊ नये, याची दक्षता पंचायत सदस्यांनी घ्यावी. हे जनुक कोणत्याही कुळाचा कलंक नाही. पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची ती निशाणी आहे. तिचा भार पुढील पिढीवर पडू न देणे आजच्या पिढीच्या हाती आहे.