तळघरांतला थेरेमिन

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात, बांसरीला भोंकें असतात. सारंगीला पडदे नसले तरी बोटाशीं तार असते. वादकाच्या हाताला कशाचाच आधार नाहीं, असें वाद्य कोणी कल्पिलें तर ऐकणारा हंसेल. तरीहि असें वाद्य १९२० च्या सुमारास रशियांत जन्मास आलें. लेव्ह तेर्मेन या तरुण पदार्थविज्ञानवेत्त्यानें तें शोधून काढलें, १९२२ सालीं लेनिनपुढें वाजवून दाखविलें, आणि १९२७ सालच्या अखेरीस तो तें घेऊन अमेरिकेंत उतरला. पश्चिमेकडे त्याचें नांव ‘थेरेमिन’ असें लिहिलें जाई. तेंच वाद्याला चिकटलें.

त्याची युक्ति समजण्यास तंबोऱ्याची आठवण करावी. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरांत आहेत, पण पुरत्या मिळालेल्या नाहींत, अशा वेळीं त्यांच्या नादांत एक संथ डोल ऐकूं येतो. हा डोल दोन्ही तारांच्या आंदोलनांतील फरकाचा असतो. थेरेमिनमध्यें तारांच्या जागीं विजेचीं दोन मंडलें असतात. प्रत्येकांत सेकंदाला लाखावर आंदोलनें होतात, म्हणजे मनुष्याच्या कानाला त्यांचा पत्ताहि लागत नाहीं. मात्र त्या दोहोंतला फरक कानाच्या आटोक्यांत येतो, आणि तोच स्वर होऊन बाहेर पडतो. एका मंडलाला उभी धातूची कांडी जोडलेली असते. तिच्याजवळ हात नेला कीं मंडलाची विद्युत् साठविण्याची शक्ति किंचित् बदलते, फरक वाढतो व स्वर चढतो. दुसऱ्या बाजूस आडवें कडें असतें. त्याच्याजवळ हात नेला कीं आवाज बारीक होतो. जुन्या रेडिओ संचाचें बटण फिरवितांना निघणारी शीळ ज्यांनीं ऐकली आहे, त्यांनीं या वाद्याचा पूर्वजच ऐकला आहे म्हणावयाचें.

१९२९ सालीं अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें हें वाद्य बाजारांत आणलें. ज्याला शीळ घालतां येते त्याला तें वाजवितां येईल, अशा थाटाची जाहिरात झाली. वस्तुतः त्याहून अवघड वाद्य क्वचितच असेल. बोट इकडचें तिकडे झालें कीं स्वर घसरतो, श्वास घेतांना शरीर हाललें तरी तो हालतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जावयाचें तें मींड घेतच जावें लागतें. त्यांत त्याच वर्षीं अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. सुमारें ५०० वाद्यें तयार झाल्यावर कारखान्यानें हा व्यवसाय सोडून दिला. तेर्मेनहि १९३८ सालीं रशियांत परतला. वाद्य विस्मृतींत जाण्याच्या बेतांत होतें.

तें वांचलें तें घरगुती कारागिरांमुळें. कारखाना जें विकूं शकला नाहीं तें मासिकांतील आराखड्यांनीं जिवंत ठेविलें. असा एक आराखडा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील फ्लशिंग येथें एका मुलाच्या हातीं पडला. हा मुलगा रॉबर्ट मोग. त्याचा जन्म १९३४ चा. पुष्कळ लोक त्याचें आडनांव ‘मूग’ असें उच्चारीत. त्याला स्वतःला ‘मोग’ हाच उच्चार पसंत होता. कडधान्याशीं नातें जोडण्यापेक्षां कोकणींत ज्याचा अर्थ प्रेम होतो तो शब्द मराठी माणसालाहि बरा वाटेल.

मोगांच्या घरीं दोन मजले म्हणजे दोन राज्यें होतीं. वर आईचें. मुलानें नांवाजलेला पियानोवादक व्हावें ही तिची आकांक्षा, आणि त्याकरितां सक्तीनें रियाज चाले. खालीं तळघरांत वडिलांचें. ते वीज कंपनींत अभियंता होते व त्यांना बिनतारी यंत्रांचा नाद होता. पट्ट्यांपाशीं कंटाळलेला मुलगा तळघरांत रमे. एरवीं अशा घरांत एका राज्याचा जय होतो आणि दुसऱ्याचा रुसवा जन्मभर टिकतो. येथें १९४९ सालीं, सुमारें १५ वर्षांच्या वयांत, रॉबर्टनें तो आराखडा समोर ठेवून थेरेमिन बनविला, आणि आईनें शिकविलेला कान वडिलांच्या हत्यारांपाशीं कामास आला.

कारण थेरेमिन नुसता जोडून भागत नाहीं. तारांचे सांधे डाख देऊन पक्के केले, व्हॉल्व तापून लाल झाले, आवाजहि निघाला. पण तो आवाज म्हणजे संगीत नव्हे. दोन्ही मंडलें एकमेकांस फार जवळ आणलीं तर तीं परस्परांस ओढून घेतात आणि खर्जांतले स्वर नाहींसे होतात. कांडीजवळच्या जागेंत स्वर दाटीनें बसतात, दूर गेल्यावर विरळ होतात. ही दाटी हाताला सोसवेल अशी करणें हें अर्धें यंत्रविद्येचें व अर्धें गवयाचें काम. आकडे बरोबर असूनहि वाद्य वाईट असूं शकतें, ही गोष्ट पुस्तकांतून कळत नाहीं. ती ज्याला त्या वयांत कळली त्याचा पुढचा मार्ग बराचसा ठरला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जानेवारी १९५४ मध्यें, १९ वर्षांच्या मोगनें थेरेमिन कसा बनवावा यावर स्वतःच एक लेख एका तांत्रिक मासिकांत प्रसिद्ध केला. मागण्या येऊं लागल्या, आणि बापलेक तळघरांत बसून वाद्यें बनवूं लागले. पुढें कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतां १९६१ सालीं त्यांनीं ट्रान्झिस्टरच्या थेरेमिनचा आराखडा छापला व सुटे भाग एकत्र करून विकले. असे सुमारें हजार संच गेले.

याच आराखड्यावरून हर्बर्ट डॉइच नांवाच्या संगीतशिक्षकानें स्वतःकरितां एक थेरेमिन तयार केला होता. १९६३ सालीं रॉचेस्टर येथें संगीतशिक्षकांच्या संमेलनांत त्याची व मोग यांची गांठ पडली. पुढच्याच वर्षीं दोघांच्या विचारानें नवें यंत्र आकारास आलें. त्यांत हवेंतल्या हाताचें काम विजेच्या दाबाकडे सोंपविलें होतें: दाब वाढविला कीं स्वर चढावा, दुसरीकडे वाढविला कीं आवाज मोठा व्हावा. ‘मोग सिंथेसायझर’ तो हाच. आईच्या पियानोच्या पट्ट्याहि अखेर त्याला बसल्या! १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांनीं त्यावर बाखच्या रचना वाजवून ध्वनिमुद्रित केल्या आणि त्याचा लौकिक घरोघरीं पोंचला. १९६९ सालीं असें एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंतहि येऊन दाखल झालें. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं तें तेथें मांडून दिलें.

एवढी कीर्ति मिळाल्यावर मनुष्य पोरवयांतील खेळणें विसरतो. मोग विसरले नाहींत. मुलाखतींत ते आपल्या आरंभाविषयीं बोलत तेव्हां थेरेमिनचें नांव आवर्जून घेत. क्लारा रॉकमोर ही या वाद्याची अद्वितीय वादक. पडदा नाहीं, तार नाहीं अशा जागीं ती अचूक स्वर लावी. वयानें साठीच्या पुढें गेलेल्या या बाईंची ध्वनिमुद्रिका १९७७ सालीं निघाली ती मोग पतिपत्नींच्या खटपटीनें. पुढें उत्तर कॅरोलायना प्रांतांत नवीन लहानसा कारखाना काढून त्यांनीं पुनः थेरेमिनच बनविण्यास घेतले. २००५ सालीं तेथेंच अ‍ॅशव्हिल येथें त्यांचा अंत झाला. त्या कारखान्यांतील थेरेमिन तयार मिळे, तसाच सुटा संच म्हणूनहि मिळे. तो घरीं नेऊन गिऱ्हाइकानें आपल्या हातानें जोडावयाचा व आपल्या कानानें मिळवावयाचा.