चंचल बालक आणि पालकांची तालीम
(पालक मेळाव्यातील भाषण)



‘तालीम’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक शिक्षण आणि दुसरा आखाड्यातील रोजचा सराव. आज मला दोन्ही अर्थांनी बोलावयाचे आहे, पण मुलांच्या नव्हे, पालकांच्या तालमीविषयी. कारण एक विकार असा आहे, की मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्यावरचा पहिला उपचार आई-वडिलांनीच शिकून करावयाचा असतो.

या विकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडीएचडी’ म्हणतात. लक्ष न टिकणे, अति चंचलता आणि मागचापुढचा विचार न करता कृती करणे, ही त्याची लक्षणे होत. आपण म्हणाल, चार वर्षांचे कोणते मूल चंचल नसते? शंका रास्त आहे. म्हणूनच डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. हे वागणे बरोबरीच्या मुलांपेक्षा फार जास्त आहे काय? ते सहा महिने तरी सतत दिसते काय? आणि घरी व बालवाडीत, अशा दोन्ही ठिकाणी दिसते काय? शिवाय ऐकू कमी येणे, बोलणे उशिरा येणे किंवा झोप नीट न होणे, यांमुळेही मूल असेच वागू शकते. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी झाल्याखेरीज आपणच मुलाला नाव चिकटवू नये.

अशा घरात पहिला दोष आईच्या माथी येतो. ‘लाडावून ठेवला,’ असे सासरचे म्हणतात. ‘नजर लागली,’ असे शेजारचे म्हणतात. बालवाडीतून निरोप येतो, की याला घरीच ठेवा. भगिनींनो, हा विकार लाडाने होत नाही आणि नजरेनेही होत नाही. तो मेंदूच्या वाढीशी निगडित असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईचा दोष नसला, तरी उपाय मात्र घरातच सुरू होतो, हे ध्यानात घ्यावे.

हे मी मनचे सांगत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली सांगितले, की चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचे वर्तन-प्रशिक्षण आणि वर्गातील तशीच पद्धत. इंग्लंडमधील २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही पाच वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालकांचे गट-प्रशिक्षणच सुचवितात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात तीन ते साडेपाच वर्षांची ३०३ मुले घेतली होती. औषधाआधी पालकांना दहा आठवडे शिकविण्यात आले. पुढे ज्यांना औषध दिले, त्यांना गुण आला, पण मोठ्या मुलांइतका नाही. आणि चिडचिड, झोप न येणे अशा त्रासांमुळे शंभरात सुमारे अकरा मुलांचे औषध थांबवावे लागले.

आता या तालमीत काय शिकवितात ते पाहू.

पहिला धडा खेळाचा. रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाबरोबर जमिनीवर बसा. खेळ त्याने निवडावा. प्रश्न विचारू नका, शिकवू नका. तो जे करतो तेच बोलून दाखवा: ‘तू लाल ठोकळा वर ठेवलास.’ दिवसभर ओरडा खाणाऱ्या मुलाला आपण हवेसे आहोत, हे येथे कळते.

दुसरा धडा शाबासकीचा. ती लगेच द्यावी आणि कशाबद्दल ते सांगावे. नुसते ‘शहाणा बाळ’ पुरत नाही. ‘जेवण होईपर्यंत दस्तरखानावर बसलास, शाबास!’ असे म्हणा. या मुलांना रविवारी मिळणाऱ्या खाऊपेक्षा आत्ता दिनदर्शिकेवर काढलेली चांदणी अधिक उपयोगी पडते.

तिसरा धडा हुकुमाचा. स्वयंपाकघरातून हाक मारून चार कामे सांगू नका. जवळ जा, खाली वाका, नजर मिळवा आणि एकच सांगा: ‘चप्पल काढ.’ ते झाले, की शाबासकी. मग पुढचे काम.

चौथा धडा सबुरीचा. कुरकुर, हट्टाचे रडणे याकडे लक्ष देऊ नका. सुरुवातीला रडणे वाढेल. नेमके याच वेळी बहुतेक घरे हार मानतात आणि मुलाला कळते, की जास्त रडले की मिळते. धोक्याच्या किंवा मारण्याच्या वागण्याकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. तेथे मारझोड न करता तीन-चार मिनिटे शांत जागी बसवावे. माराने मूल क्षणभर थांबते, पण कसे वागावे हे शिकत नाही.

याच्या जोडीला दिवसाची घडी हवी. तीन-चार वर्षांच्या सर्वच मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दहा ते तेरा तास झोप, तीन तास हालचाल आणि पडद्यासमोर फार तर एक तास, असे प्रमाण सांगितले आहे. रमजानमध्ये घराची वेळापत्रके बदलतात. लहानग्याची झोप मात्र ठरल्या वेळीच राहू द्यावी. बालवाडीच्या बाईंनीही अशा मुलाला जवळ बसवावे, काम थोडे थोडे द्यावे आणि मध्ये उठू द्यावे.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. यातून हट्ट, भांडणे कमी होतात, घरातील नाते सुधारते. मूळ चंचलता मात्र पूर्ण जाईलच असे नाही. नीट प्रशिक्षण घेऊनही त्रास फार राहिला, तर तज्ज्ञ औषधाचा विचार करतात. ते घ्यावे लागले, तर त्यात लाज नाही.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. आईने एक नियम करावा, अब्बांनी तो मोडावा आणि दादीने पदराआड घ्यावे, अशा घरात ही तालीम चालत नाही. तीन माणसांचा शब्द एक हवा. विद्यार्थी मित्रांनो, आपला धाकटा भाऊ असा असेल, तर त्याला ‘वेडा’ म्हणू नका. दिवसातून दहा मिनिटे त्याच्याशी खेळा. ती तुमच्या अम्मीला मोठी मदत होईल.

मदत कोठे मिळेल? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि त्यातील विकारांच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. अंगणवाडीसेविकेला किंवा सरकारी दवाखान्यात विचारावे. आपल्या संस्थेनेही शाळेच्या एका खोलीत, जाणकार समुपदेशकाला बोलावून, पालकांचा साप्ताहिक वर्ग भरवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. खर्च थोडा आहे. वर्ग मात्र संध्याकाळी ठेवावा, म्हणजे कामावरून परतलेल्या वडिलांनाही येता येईल.

ज्या मुलाला आज बालवाडी परत पाठवते, ते उद्या आपल्याच शाळेच्या पहिलीत यावयाचे आहे. शाळा म्हणजे अपमानाची जागा, अशी समजूत घेऊन ते येऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.