कोल्हापूरची भानू

मंडळी, कपड्यांचा नाद म्हणजे उधळेपणा, असे आपण म्हणतो. मीही म्हणत असे. गणिताच्या वहीत लुगड्याचे काठ काढणाऱ्या एका मुलीला मी वर्गात उभे केले होते. वही काढून घेतली.

भानुमती राजोपाध्ये १९२९ साली कोल्हापुरात जन्मली. वडील चित्रकार. ती लहान असतानाच ते वारले. पुढे ती मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकली, आणि बायकांच्या साप्ताहिकात कपड्यांची चित्रे काढू लागली. मग संपादकबाईंनी कपड्यांचे दुकान काढले. कपडे बेतायचे काम हिलाच दिले. कागदावरचे अंगावर आले बघा!

पुढे त्या सिनेमाचे कपडे करू लागल्या; १९५६ च्या 'सी.आय.डी.'चे कपडे त्यांचेच. भानू अथैया हे त्यांचे लग्नानंतरचे नाव. 'गांधी' सिनेमाचे कपडे त्यांनी जॉन मोलो यांच्याबरोबर केले. सोपे नव्हते हो! गांधीजी आधी सुटाबुटात, शेवटी पंचात. भोवती माणसांचा समुद्र, आणि ज्याचा त्याचा पेहराव निराळा. त्याबद्दल दोघांना १९८३ साली ऑस्कर मिळाले. भारतीय माणसाला ते पहिलेच.

२०१२ साली त्यांनी ते बक्षीस नीट जपले जावे म्हणून अमेरिकेच्या अकादमीकडे परत दिले. २०२० साली त्या गेल्या.

त्या मुलीची वही माझ्याकडेच राहिली. काठ मोठे सुबक आहेत.