शिलालेख, तिरपा प्रकाश आणि बिनतारी ट्रिगर
(भाषणाचा मजकूर)



वैनगंगेच्या काठचे पवनी हे गाव भंडारा जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील दगड वाचता येतात, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे संयुक्त उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी येथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि त्याच्या वेदिकेचे, म्हणजे सभोवतालच्या दगडी कठड्याचे, कोरीव भाग उजेडात आले. त्यांपैकी काहींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. या माणसांची एरव्ही कोठेच नोंद उरलेली नाही.

अशी अक्षरे उथळ असतात आणि काळाने झिजतात. ती दिसावीत म्हणून खडू, चुना किंवा तेल चोळण्याची रीत गावोगावी आढळते. त्याने दगडाची हानी होते, हे तर खरेच. पण खडू फिरवणारा आपल्याला वाटेल तेच अक्षर रंगवतो, आणि पुढे येणारा तेच वाचतो, हे अधिक वाईट. कागदावर शाईचा ठसा घेण्याची जुनी पद्धत उत्तम असली तरी ती तरबेज हातांचे काम आहे. छायाचित्र शाळेतील शिक्षकही घेऊ शकतो.

मात्र कॅमेऱ्यावर बसविलेला फ्लॅश येथे निरुपयोगी ठरतो. समोरून पडणारा उजेड खाचेतील सावली पुसून टाकतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, दगडाच्या एका बाजूस, पृष्ठभागाला जवळजवळ लागून जाईल असा तिरपा ठेवला म्हणजे प्रत्येक खाच सावलीने भरते. या कामी बिनतारी ट्रिगर उपयोगी पडतो. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक छोटा प्रेषक आणि फ्लॅशखाली ग्राहक असतो. शटर उघडताच रेडिओलहरींचा संकेत जातो व फ्लॅश पेटतो. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या साधनाला समोरासमोर दृष्टी लागते आणि उन्हात ते दुबळे पडते. रेडिओला खांबाचा आडोसाही सहसा अडवीत नाही, आणि पायांत येणारी तारही नको.

एकाच बाजूच्या उजेडावर विसंबणे धोक्याचे आहे. ब्राह्मीतील ‘क’ अधिक चिन्हासारखा असतो, तर ‘र’ म्हणजे केवळ एक उभी रेघ. उजेड डावीकडून आला की त्याच दिशेने जाणाऱ्या आडव्या रेघेला सावलीच पडत नाही. झिजलेला ‘क’ मग ‘र’ दिसतो आणि दात्याचे नावच बदलते. म्हणून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून अशी किमान चार चित्रे घ्यावीत. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून केवळ फ्लॅश फिरवावा.

फ्लॅश फार जवळ नको. एक मीटर रुंदीच्या शिळेपासून तो अर्ध्या मीटरवर ठेवल्यास जवळच्या कडेला दूरच्या कडेच्या नऊपट उजेड मिळतो. तीन मीटरवर ठेवल्यास हे प्रमाण पावणेदोनपटीच्या आसपास येते. भर उन्हात शिळेवर छत्री अथवा जाड कापड धरावे. शटरचा वेग बहुतेक कॅमेऱ्यांत साधारणतः १/२०० सेकंदापेक्षा जलद ठेवू नये, अन्यथा चित्राचा एक पट्टा काळा येतो.

चित्रात सेंटिमीटरची पट्टी असावी. उजेड कोणत्या बाजूने होता, शिळा नेमकी कोठे आहे आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे वहीत लिहावे. मूळ चित्रे फेरफार न करता जपावीत. संरक्षित स्मारकात तिवई लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी घेणे आवश्यक आहे. शेतात किंवा पारावर नव्याने लेख आढळल्यास ग्रामपंचायतीने शिळा न हलवता, न धुता खात्यास कळवावे आणि पत्रासोबत ही चारही चित्रे जोडावीत.