चिकपेटेत झूम भिंग घेताना

बेंगळुरूच्या जुन्या वस्तीत दोन रस्ते मुख्य. उत्तर-दक्षिण जाणारी ती दोड्डपेटे, म्हणजे थोरली पेठ. तिलाच आज अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणतात. तिला छेद देऊन पूर्व-पश्चिम जाते ती चिकपेटे, धाकटी पेठ. केंपेगौडाने १५३७ साली हे नगर वसविले आणि १६३८ साली ते विजापूरकरांच्या हाती येऊन पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. मराठी भाषा या गल्ल्यांना तेव्हापासून परकी नाही. आज येथे रेशमी साड्यांच्या थप्प्यांमधून वाट काढीत चालावे लागते, आणि एखाद्या अरुंद जिन्याच्या टोकाशी कॅमेऱ्याचे दुकान भेटते. शेजारच्या सराफीत सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या बाजूंचे गलाई कारागीर आढळतात. सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याचा हा व्यवसाय त्यांना देशभरच्या सराफ बाजारांत घेऊन गेला, तसाच येथेही घेऊन आला.

अशाच एखाद्या घरातील तरुण डोळ्यांपुढे आणावा. वडील येत्या दिवाळीला भट्टी विझवून गावी परतणार आहेत. मुलाजवळ मायक्रो फोर थर्ड्‌स पद्धतीचा जुना, छोटेखानी मिररलेस कॅमेरा आहे आणि त्याबरोबर मिळालेले १४ ते ४२ मिलिमीटरचे भिंग आहे. लग्नकार्यांत चित्रे काढून चार पैसे मिळवावेत आणि भट्टी विझण्यापूर्वी तिचीही चित्रे घ्यावीत, अशी त्याची इच्छा. खिशात वर्षभराची बचत. ती एकदाच खर्च होणार. कोणते झूम भिंग घ्यावे, हा प्रश्न त्याच्यापुरता हौसेचा राहत नाही.

मिररलेस म्हणजे आरशावाचून चालणारा कॅमेरा. प्रतिमा नेत्रकाचेकडे वळविणारा आरसा काढून टाकल्यामुळे यंत्र पातळ व हलके झाले. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्‌स ही पद्धत २००८ साली जाहीर केली, व त्याच वर्षी पॅनासॉनिकचा पहिला कॅमेरा आला. त्यातील प्रकाशग्राही पट्टी १७.३ गुणिले १३ मिलिमीटर, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या साधारण निम्म्या लांबीची. त्यामुळे याचे १५० मिलिमीटरचे भिंग त्या फिल्मवरच्या ३०० मिलिमीटरच्या भिंगाइतके दूरचे जवळ आणते. हिशेब सोपा आहे. दहा मीटरांवरून ४२ मिलिमीटरच्या भिंगात सुमारे चार मीटर रुंदीचे दृश्य मावते. वधूवरांबरोबर भटजी, मामा आणि निम्मा मांडवही त्यात येतो. १५० मिलिमीटरला तीच रुंदी सव्वा मीटरहूनही कमी होते आणि अंतरपाटाआडचे दोन चेहरे तेवढे उरतात.

येथे दुकानदार बहुधा १४ ते १४० मिलिमीटरचे एकच भिंग पुढे करतो. भिंग बदलण्याची कटकट नाही, असे तो सांगतो, आणि ते खरेही आहे. परंतु त्यातील अर्धा पल्ला तरुणाजवळ आधीच आहे, आणि त्या अर्ध्या पल्ल्याचे पैसे त्याने दुसऱ्यांदा का मोजावेत? त्याऐवजी पॅनासॉनिकचे ४५ ते १५० किंवा ऑलिंपसचे ४० ते १५० मिलिमीटरचे साधे भिंग पाहावे. दोन्ही सुमारे २०० ग्रॅमची, दोन्ही कोटाच्या खिशात राहण्याजोगी. ऑलिंपसचा कॅमेरा-व्यवसाय २०२१ च्या आरंभी वेगळ्या कंपनीकडे गेला, तरी ही भिंगे वापरलेल्या मालात सहज मिळतात.

दोहोंतून निवड करताना एकच गोष्ट निर्णायक मानावी. पॅनासॉनिकच्या भिंगात हाताचा कंप सावरणारी योजना आहे. ऑलिंपसच्या त्या भिंगात ती नाही, कारण त्या कंपनीने ही सोय कॅमेऱ्याच्या पेटीतच केली. ज्याच्या पेटीत अशी सोय नाही, त्याने पॅनासॉनिकचेच घ्यावे. अन्यथा १५० मिलिमीटरला एका सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतका वेग ठेवावा लागतो, आणि मंडपातील दिव्यांत तेवढा प्रकाश कोठून आणावा? वधूच हलली, तर मात्र कोणतीही योजना उपयोगी पडत नाही.

स्वस्त झूमची खरी उणीव प्रकाशाची आहे. भिंगावर ४ ते ५.६ असा आकडा असतो, तो त्याच्या छिद्राचा. आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान. लांबच्या टोकाला ५.६ चे भिंग जितका प्रकाश आत घेते, त्याच्या चौपट प्रकाश २.८ चे घेते. तसले ४० ते १५० मिलिमीटरचे भिंगही मिळते. पण त्याचे वजन पाऊण किलोहून अधिक आणि किंमत या तरुणाच्या आवाक्याबाहेरची. शिवाय छोट्या कॅमेऱ्याला ते जोडणे म्हणजे तांब्याला रांजणाचे तोंड बसविणे होय.

भट्टीच्या खोलीत तर झूमची आशाच सोडावी. काळवंडलेल्या भिंती, एक मंद दिवा आणि मुशीतला तांबूस उजेड, एवढीच तेथील सामग्री. तेथे २५ मिलिमीटरचे, १.७ छिद्राचे स्थिर भिंग उपयोगी पडते; ते ५.६ च्या मानाने सुमारे अकरापट प्रकाश घेते. नव्या सर्वसंग्राहक भिंगाच्या खर्चात वापरलेले ४५ ते १५० आणि वापरलेले २५ अशी दोन्ही बहुधा बसतात. झूम घ्यायला निघालेल्या माणसाला झूम नसलेले भिंग सुचविणे विचित्र वाटेल, पण या तरुणाला तेच सुचविणे रास्त आहे. पैसे एकाच भिंगापुरते असतील, तर आधी २५ चे घ्यावे. लग्नाचे मुहूर्त दिवाळीनंतरही आहेत.

सोनी, निकॉन किंवा कॅनन वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, एकाचे भिंग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. त्यांच्या मोठ्या पट्टीमुळे भिंगेही थोडी जड होतात. सोनीचे ५५ ते २१० मिलिमीटरचे भिंग सुमारे ३४५ ग्रॅमचे आहे.

वापरलेले भिंग कॅमेऱ्यावर चढवूनच पारखावे. पुष्कळ नव्या भिंगांची स्पष्टतेची कडी विजेवाचून काहीच करीत नाही. दुकानाच्या दारात उभे राहून समोरच्या कानडी पाटीचे चित्र आखूड, मधल्या व लांब टोकाला घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहावीत. एक कोपरा सतत धूसर येत असेल, तर आतील काच तिरपी बसली असण्याचा संभव आहे. मग विजेरीचा झोत तिरपा टाकून काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हे पाहावे. ती बुरशी होय. पावसाळी दमट हवेत ती वाढते आणि काचेवरील लेप खाते. असे भिंग फुकट मिळाले तरी घेऊ नये. बिनपावतीचा माल स्वस्त पडतो, परंतु त्याची हमी कोणी पाळीत नाही. दांडी प्लॅस्टिकची आहे म्हणून मात्र नाक मुरडण्याचे कारण नाही. २०० ग्रॅमचे ओझे ती सुखाने पेलते.

गलाईच्या कामात नत्राम्ल वापरतात आणि त्याची वाफ धातूला वाईट. म्हणून तरुणाने वाफ निघत असताना कॅमेरा बाहेर ठेवावा, मूस उतरविण्याच्या वेळी दाराच्या चौकटीपाशी, वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे, आणि घरी आल्यावर भिंग कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे.