कॅसेट आहे, पण वाजवायची कशावर?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘माझा छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोला असं सांगितलंय. सचिवसाहेबांनी घड्याळ आत्ताच समोर ठेवलेलं आहे. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात ३२ वर्षं काढलेल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे नुसतं फ्यूज बघण्यात जातात. तरी प्रयत्न करतो.

तीन महिन्यांपूर्वी स्मरणिकेच्या कामासाठी ऑफिसचं कपाट उघडलं. शेअर सर्टिफिकेटची पुस्तकं, जुनी प्रोसिडिंग बुकं, पाण्याच्या टाकीचा नकाशा, आणि सगळ्यात खाली एक कॅसेट. सी-६०. वर बॉलपेनने लिहिलेलं, ‘पहिली सर्वसाधारण सभा’. कमिटीने ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘काका, हे कार्यक्रमात ऐकवायचं.’ ऐकवायचं ठीक आहे, पण कशावर? १४४ फ्लॅटमध्ये विचारलं. टेपरेकॉर्डर निघाले सहा, चालू एकही नाही. वॉकमन निघाले चार. त्यातला एक माझा, दुबईहून मेव्हण्याने आणलेला, वीस वर्षं माळ्यावर होता. एक बी विंगमधून मिळाला, तो पूर्णच गेलेला होता. त्याची गोष्ट पुढे येईल.

आता मुलांसाठी थोडं सांगतो. कॅसेट ही फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये काढली. आतली फीत पावणेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद, तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने ती हेडसमोरून जाते आणि त्या थरात जे चुंबकत्व असतं त्याचा आवाज होतो. पहिला वॉकमन सोनी कंपनीने जपानमध्ये १ जुलै १९७९ ला विक्रीला आणला. आपल्याकडे तो आला तो गल्फला गेलेल्या मंडळींच्या बॅगेतून. आणि गाणी कुठून यायची? कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहायची आणि दुकानात ‘भरून’ घ्यायची. दोन दिवसांनी मिळायची. एखादं गाणं शेवटी अर्धवट तुटायचं, कारण बाजू संपली! आजही ते गाणं मूळ रेकॉर्डवर पुरं ऐकताना मला चुकल्यासारखं होतं.

तर वॉकमन. सेल घातले, बटण दाबलं, मोटार गुणगुणली पण चाकं हलेनात. मागचं झाकण उघडलं तर रबराचा पट्टा वितळून डांबर झालेला. जुन्या वॉकमनचं नव्वद टक्के दुखणं हेच असतं. माझ्याकडे आजवर आलेल्यांचा तरी हाच अनुभव. मोटार आणि चाकं ठणठणीत असतात, मधला दोरीएवढा पट्टा गेलेला असतो आणि लोक यंत्र भंगारात देतात. ते डांबर काढणं हे खरं काम. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. बोटं काळी, टेबलक्लॉथ काळा, घरचं वातावरण तापलेलं. ते जाऊ दे.

नवा पट्टा घ्यायचा तर माप पाहिजे. जुना तर वितळलेला. मग दोरा घ्यायचा, पट्टा जिथून जिथून फिरतो तिथून फिरवायचा, मोजायचा, आणि त्याहून पाच-सात टक्के आखूड पट्टा घ्यायचा म्हणजे ताण नीट बसतो. फार घट्ट घेतला तर मोटारीच्या बुशवर भार येतो, सैल घेतला तर आवाज डुलतो. पट्टा ऑनलाइन मागवला, पण बाकीचं सगळं कोल्हापुरात झालं. फीत ढकलणारा रबरी रोलर कडक होऊन चिरलेला होता. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. तो दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि ऑइल इंजिनचे पार्ट करणारा माणूस. रोलर तळहातावर घेतला आणि म्हणाला, ‘साहेब, हे दागिन्याचं काम हाय, गुजरीत जावा.’ पण केलं त्यानंच. दुसऱ्या रोलरचं रबर चढवून बरोबर मापाला घासून दिलं. पैसे घेतले नाहीत, चालू झाल्यावर ऐकवायला या म्हणाला. ऐकवून आलो.

हेड पुसलं, वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने दिला. एकच बरं का. तेल जास्त झालं की ते पट्ट्यावर जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता गंमत. सोसायटीची कॅसेट थेट घालायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. पंचवीस वर्षांची फीत, तुटली तर दुसरी प्रत नाही. आधी घरातल्या जुन्या सिनेमाच्या कॅसेटवर आठवडाभर यंत्र चालवलं. फीत खात नाही याची खात्री झाली. मग सभेची कॅसेट उघडून बघितली. हेडसमोर फेल्टचा जो चौकोनी तुकडा असतो तो गळून पडलेला. फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात घातली. मग लावली.

आवाज आला! पण सगळे बोलणारे असे, की जेवून झोपेतून उठून आलेत. वेग कमी होता. आता बरोबर वेग किती हे ठरवायचं कसं? त्यासाठी ठरावीक सुराची टेस्ट टेप मिळते, पण ती यंत्राचा वेग सांगते. सभा ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचा वेग काय होता हे ती कुठून सांगणार? इथे माझी नोकरी उपयोगी पडली. सभा ज्या टेपरेकॉर्डरवर भरली तो विजेवर चालणारा होता आणि बोलण्याच्या मागे एक बारीक घूं ऐकू येत होती. ही विजेची घूं. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे तिची घूं ५० आणि १०० वर असते. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्यात बघितलं तर ती ९३ वर. म्हणजे सात टक्के हळू. मोटारीचा वेग बदलायचा छोटा स्क्रू असतो, तो केसभर केसभर फिरवत घूं शंभरावर आणली. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सी काटेकोर नसायची, एक-दोन टक्के इकडेतिकडे चालायचंच, पण माणसाचा आवाज ओळखायला तेवढं पुरतं. आणि खरंच, स्क्रू फिरता फिरता एकदम आपले पहिले अध्यक्ष बोलायला लागले.

पुढची गोष्ट मी कमिटीच्या परवानगीने सांगतोय. या कॅसेटमध्ये ठराव आहेत, आभार आहेत, चहाच्या कपांचे आवाज आहेत, आणि जवळजवळ बारा मिनिटं भांडण आहे. बोअरच्या पाण्याचं आणि पार्किंगचं. दोघांचं. प्रोसिडिंग बुकात त्याचं एकच वाक्य झालंय, ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’. त्या दोघांतले एक काका आज आपल्यात नाहीत. आता हे सगळ्यांसमोर लावायचं का? कमिटीत दोन मतं पडली. मी म्हटलं, आवाज ज्याचा, त्याच्या घरच्यांना विचारा.

काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ‘भावजी, ते भांडायचे हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे, त्यात काय झाकायचं? पण आधी मला एकटीला ऐकू द्या.’ वॉकमन आणि हेडफोन त्यांच्याकडे ठेवून मी बाहेर व्हरांड्यात बसलो. अर्ध्या तासाने हाक आली. ‘ते परत मागे कसं घ्यायचं?’ कुठलं म्हणून विचारलं, तर भांडण नव्हे. भांडणाच्या आधी काका घसा साफ करून म्हणतात, ‘ऐका की ओ जरा.’ तेवढंच. ते त्यांनी चार वेळा ऐकलं. लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती म्हणे, पण तिच्यावर सगळा बँडचाच आवाज.

दुसरे गृहस्थ आता मुलाकडे पुण्याला असतात. त्यांना फोन केला. ते आधी खूप हसले, मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘एक वाक्य मी बोललोय ते नका लावू. ते मला त्याच रात्री नको वाटलं होतं.’ म्हणून आज संध्याकाळी तुम्ही जे ऐकाल त्यात ती बारा मिनिटं नाहीत. पूर्ण प्रत ऑफिसमध्ये सीलबंद ठेवली आहे. कापलेली नाही. दोन्ही घरांच्या संमतीशिवाय ती उघडायची नाही असा ठराव झाला आहे, आणि यावेळी खरोखर सर्वानुमते झाला!

आता बी विंगमधल्या त्या मेलेल्या वॉकमनबद्दल. आपल्या बी विंगची एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिचं म्हणणं, काका, तुमच्या वॉकमनमध्ये ब्लूटूथ बसवू. मी म्हटलं, चालत्या यंत्रात सुरी घालायची नाही, मेलेला घे. तिने घेतला. पट्टा बदलून तो आधी जिवंत केला. मग सेलच्या जागी ३.७ व्होल्टचा लिथियम सेल, मोबाइलच्या वायरने चार्ज होईल असं छोटं सर्किट आणि ब्लूटूथ पाठवणारं मॉड्यूल. लिथियम सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि यंत्राला हवेत तीन, म्हणून मध्ये रेग्युलेटर. पहिल्यांदा लावला तर गाण्यामागे बारीक शिट्टी. ब्लूटूथला आणि आवाजाच्या भागाला एकच वीज जात होती म्हणून. दोघांना वेगळा रेग्युलेटर दिला, एक कपॅसिटर टाकला, शिट्टी गेली. आज इथे कोपऱ्यातल्या स्पीकरवर सकाळपासून जे वाजतंय ते त्यातूनच. लई भारी काम केलंय पोरीने, टाळ्या वाजवा.

आपल्या शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेने व्हॉएजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. पण पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. तबकडीबरोबर वाजवायची पिन पाठवली आणि कव्हरवर ती कशी लावायची याची चित्रं कोरली. ते शहाणे. आपण कॅसेट जपल्या आणि यंत्रं भंगारवाल्याला दिली.

सगळ्याच कॅसेट वाचवायच्या नाहीत हेही सांगतो. ‘गीतरामायण’ मोबाइलवर मिळतं. सुधीर फडके आपल्या कोल्हापुरात जन्मलेले, त्यांना काही होत नाही. बाजारात मिळणारं सोडा. घरात भरलेलं शोधा. आजीच्या ओव्या, बारशाचा पाळणा, गल्फला पाठवायला बोलून ठेवलेलं पत्र.

सापडली तर लगेच लावून बघू नका. पांढरी बुरशी दिसली तर अजिबात नको, ती दुसऱ्या यंत्राला लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या जुन्या घरात पाणी शिरलं त्यांच्याकडच्या भिजलेल्या कॅसेट उन्हात वाळवू नका, तशाच आणा. फीत तुटली असेल तर साधी सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पसरतो. आणि कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात शाबूत असतील तर आधी ते मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी क्लबहाऊसमध्ये बसणार आहे, बी विंगची मुलगी परीक्षा नसेल तेव्हा येईल. पैसे नाहीत. एका तासाची कॅसेट चांगल्या प्रतीत उतरवली की साधारण ६३५ एमबी होते, तेव्हा १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणा, पंचवीस कॅसेट बसतील. कॅसेटवर फ्लॅट नंबर लिहून आणा, आणि आत कुणाचा आवाज आहे तेही, आठवत असेल तर. सचिवसाहेब उठले आहेत, म्हणजे माझी बाजू संपली. चहा तयार आहे.