विरजणासारखी जपायची बुरशी

आज आम्ही आमच्या गटाच्या शेडनेटची गोष्ट सांगणार आहोत. आधी कुठे चुकलो ते, आणि मग कसं सावरलो तेही.

आम्ही ११ जणींनी कर्ज काढून १० गुंठ्यांवर शेडनेट उभं केलं. पहिल्या वर्षी ढोबळी मिरची छान आली. दुसऱ्या वर्षी त्याच गादीवाफ्यांवर पुन्हा ढोबळीच लावली. फुलं लागायच्या वेळेला झाडं माना टाकू लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून आम्ही ठिबक जास्त वेळ चालवलं, तर मर आणखी वाढली. झाड उपटून पाहिलं, तर जमिनीलगतचं खोड तपकिरी आणि मुळं कुजलेली. कर्जाचा हप्ता काही थांबत नव्हता.

हा रोग मातीतल्या बुरशीचा. फ्युजारियम, रायझोक्टोनिया अशा बुरश्या पीक निघालं तरी मातीत टिकून राहतात. शेडनेटमध्ये पुन्हा पुन्हा तेच पीक आणि कायम ओल, मग त्या वाढतच जातात.

कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही ट्रायकोडर्माचा पुडा आणला. कोरडी पावडर वाफ्यावर भुरभुरली आणि दोनच दिवसांनी वरून रासायनिक बुरशीनाशक सोडलं. उपयोग शून्य. नंतर पुडा नीट वाचला, तर त्याची मुदतही संपलेली होती.

मग कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथे कळलं, की ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. ती रोगाच्या बुरशीला विळखा घालते, तिला खाते आणि मुळांभोवतीची जागा आधीच धरून ठेवते. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे हे विरजणच की! उकळत्या दुधात घातलं तर दही कसं लागेल?" तेव्हा आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आता आम्ही असं करतो. उन्हाळ्यात वाफे ओले करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरतो, कडा मातीनं दाबतो आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवतो. त्या उष्णतेनं बरीच रोगट बुरशी मरते. लागवडीच्या १५ दिवस आधी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळतो. ढीग सावलीत, वर ओलं पोतं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओल. तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करायचा. खतावर पांढरी-हिरवट बुरशी दिसली की समजायचं, विरजण लागलं. मग ते वाफ्यात मिसळायचं. कच्चं शेण मात्र घ्यायचं नाही, हुमणी येते. लावणीच्या वेळी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम पावडर कालवून रोपांची मुळं त्यात बुडवून घ्यायची. पावडर हाताळताना नाकातोंडाला पदर बांधायचा.

पुडा घेताना मुदत बघा आणि घरी सावलीत ठेवा. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा यांच्यात निदान १५ दिवसांचं अंतर ठेवा.

आणखी एक. प्रत्येक मर बुरशीचीच असते असं नाही. सुकलेल्या झाडाचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधासारखी धार सुटली, तर तो जिवाणूंचा रोग. मुळांवर गाठी असल्या, तर सूत्रकृमी. अशा वेळी एकट्या ट्रायकोडर्मावर भरवसा ठेवू नका, जाणकाराला विचारा.

आता आमच्याकडे एकही झाड मरत नाही, असं आम्ही म्हणणार नाही. मेलेलं झाड मातीसकट उचलून शेडनेटबाहेर नेतो, ओल बेताची ठेवतो, पीक बदलतो. पण मागच्या हंगामात हप्ता मिरचीच्या पैशातूनच भरला, कुणाला डोरलं गहाण ठेवावं लागलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, रोग दिसल्यावर धावण्यापेक्षा लावणीआधीच विरजण लावा. तुमच्या गटाचा अनुभवही आम्हाला कळवा.